नेटवर्क गेलं तरी गाडी थांबू नये: ओव्हरलँडिंगमागचं तंत्रज्ञान सोप्या भाषेत

छतावर तंबू, मागे लटकवलेला पेट्रोलचा कॅन, चिखलाने माखलेली फोर बाय फोर आणि पाठीमागे लडाखचे डोंगर. असे रील्स तुम्हीही पाहिले असतील. या प्रकाराला ओव्हरलँडिंग म्हणतात. म्हणजे गाडीने लांबच्या, आडवाटेच्या प्रदेशातून जायचं आणि इंधन, पाणी, जेवण, झोप, दुरुस्ती यांची बहुतेक सोय स्वतःची स्वतः करायची. हा शब्द ऑस्ट्रेलियातून आला. तिथे एकोणिसाव्या शतकात गुरांचे कळप शेकडो किलोमीटर हाकत नेणाऱ्यांना ओव्हरलँडर म्हणत. पश्चिम ऑस्ट्रेलियातला कॅनिंग स्टॉक रूट हा गुरांसाठीच आखलेला सुमारे १८५० किलोमीटरचा वाळवंटी मार्ग, आज जगभरच्या ओव्हरलँडर्सचं स्वप्न आहे.

मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर म्हणून काम करतो आणि मित्रांबरोबर मनाली-लेह रस्त्याने दोनदा गेलोय. परत आल्यावर ऑफिसमधले ज्युनिअर विचारतात, 'दादा, गाडी कुठली घेऊ?' माझ्या मते पहिला प्रश्न तो नाहीच. पहिला प्रश्न असा: तुमच्या खिशातल्या फोनमधलं नेमकं काय इंटरनेटशिवाय चालतं आणि काय बंद पडतं? सॉफ्टवेअरमध्ये 'ऑफलाइन-फर्स्ट' नावाची एक पद्धत आहे. नेट नाहीच असं धरून ॲप बनवायचं, नेट मिळालं तर बोनस. ओव्हरलँडिंगची सगळी तयारी याच पद्धतीने करायची असते. चला, एकेक गोष्ट पाहूया.

१. जीपीएसला नेट लागतच नाही

बऱ्याच जणांना वाटतं, रेंज गेली की जीपीएसही गेलं. असं नाही. जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात आणि सतत सांगत असतात, 'मी अमुक उपग्रह, माझ्या घड्याळात आत्ता इतके वाजलेत.' तुमचा फोन हे फक्त ऐकतो, उलट काहीही पाठवत नाही. सिग्नल पोहोचायला किती वेळ लागला यावरून अंतर निघतं. जागा ठरवायला तीन अंतरं पुरतील असं वाटतं, पण फोनचं घड्याळ उपग्रहाच्या अणुघड्याळाइतकं अचूक नसतं. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तरी अंतरात ३०० मीटरचा घोळ होतो. ती चूक काढायला चौथा उपग्रह लागतो.

आजचे फोन अमेरिकेच्या जीपीएसबरोबर रशियाचं ग्लोनास, युरोपचं गॅलिलिओ, चीनचं बेईदू यांचेही सिग्नल ऐकतात. काही फोन आपल्या इस्रोचं नाविकही ऐकतात. डोंगराच्या कुशीत आकाशाचा छोटाच तुकडा दिसत असला की जितक्या जास्त यंत्रणा तितकं बरं.

मग रेंज नसताना लोकेशन मिळायला इतका वेळ का लागतो? कारण कुठला उपग्रह नेमका कुठे आहे ही माहिती एरवी फोन इंटरनेटवरून उचलतो. नेट नसेल तर तीच माहिती उपग्रहाकडून घ्यावी लागते आणि उपग्रह ती सेकंदाला फक्त ५० बिट या गोगलगायीच्या वेगाने पाठवतो. एका उपग्रहाची नेमकी कक्षा मिळायला अर्धा मिनिट आणि सगळ्या उपग्रहांचं ढोबळ वेळापत्रक पूर्ण मिळायला साडेबारा मिनिटं लागतात. म्हणून फोन बराच वेळ बंद होता आणि आता लोकेशन दिसत नाहीये, तर घाबरू नका. मोकळ्या आकाशाखाली फोन थोडा वेळ स्थिर धरा.

२. जागा कळली, पण नकाशा कुठाय?

इथे खरी फसगत होते. जीपीएस तुम्हाला फक्त आकडे देतं. त्या आकड्यांच्या मागचा नकाशा नेटवरून येतो. तो आधी उतरवलेला नसेल तर स्क्रीनवर कोऱ्या जागेवर एक निळा ठिपका दिसतो, बस्स.

गूगल मॅप्समध्ये ठरावीक भाग निवडून ऑफलाइन ठेवता येतो, पण त्यात सॅटेलाइट फोटो येत नाहीत आणि चालत जायचा रस्ताही मिळत नाही. म्हणून मी जोडीला ऑर्गॅनिक मॅप्स किंवा ऑसमअँड ठेवतो. ही दोन्ही ॲप ओपनस्ट्रीटमॅपचा डेटा वापरतात. २००४ साली सुरू झालेला हा नकाशा विकिपीडियासारखा लोकांनी मिळून बनवला आहे. पायवाटा, पाण्याची ठिकाणं, कच्चे रस्ते त्यात बरेचदा सापडतात. उतरवून झालं की घरीच फोन एअरप्लेन मोडवर टाका, वाय-फाय बंद करा आणि मार्ग शोधून बघा. सापडला तरच नकाशा तुमच्याकडे आहे असं समजा.

नकाशात दिसत नाही असंही बरंच काही असतं. मनाली-लेह रस्त्यावर हिमनद्यांचं पाणी वाहून नेणारे नाले लागतात. सकाळी घोट्याएवढं असलेलं पाणी दुपारी उन्हाने बर्फ वितळला की गुडघ्यापर्यंत येतं. कुठलंही ॲप 'हा नाला सकाळी ओलांडा' असं सांगणार नाही. ते तिथल्या ढाबेवाल्याला, ट्रक ड्रायव्हरला विचारावं लागतं.

३. आकडे सांगताना एका टिंबाने ११ किलोमीटर

समजा, गाडी बंद पडली. समोरून येणाऱ्या ट्रकवाल्याच्या हाती तुम्ही चिठ्ठी देता आणि पुढच्या चौकीवर पोहोचवायला सांगता. चिठ्ठीत तुमच्या जागेचे अक्षांश-रेखांश लिहिलेत. आता हे बघा.

फोन बहुतेक वेळा दशांश पद्धतीने आकडा देतो, उदाहरणार्थ ३४.१५ अंश. जुन्या पद्धतीत अंशाखाली मिनिटं असतात आणि एका अंशात ६० मिनिटं. म्हणजे ३४.१५ अंश हे झाले ३४ अंश ९ मिनिटं. पण वाचणाऱ्याने ते '३४ अंश १५ मिनिटं' असं वाचलं, तर तो ३४.२५ अंशावर पोहोचेल. फरक ०.१ अंश, म्हणजे उत्तर-दक्षिण सुमारे ११ किलोमीटर! डोंगरात ही चूक मदतीला दुसऱ्याच खोऱ्यात पाठवू शकते.

म्हणून लिहिताना 'दशांश अंश' असा शब्द लिहा, टिंबानंतर किमान चार आकडे द्या (चार आकड्यांनी साधारण ११ मीटरपर्यंत जागा ठरते) आणि शेजारी शेवटच्या गावाचं किंवा किलोमीटरच्या दगडाचं नाव टाका. हे सगळं कागदावर. फोनची बॅटरी संपते, कागदाची संपत नाही.

४. उंचीचा आकडा आणि खारदुंगलाची पाटी

खारदुंगला खिंडीतल्या पाटीवर वर्षानुवर्षं १८,३८० फूट असा आकडा होता. लोकांनी जीपीएस घेऊन जाऊन मोजलं तर ५३५९ मीटर, म्हणजे १७,५८२ फूट भरले. जवळपास ८०० फुटांचा फरक.

पण फोनच्या उंचीवरही डोळे झाकून विश्वास नको. जीपीएस मुळात पृथ्वीला एक गुळगुळीत, थोडं चपटं अंडं समजून उंची मोजतं. खरी समुद्रसपाटी मात्र गुरुत्वाकर्षणामुळे कुठे वर, कुठे खाली असते. मुंबईच्या किनाऱ्यावर या दोन्हीत ६० मीटरच्या आसपास फरक पडतो. ज्या ॲपमध्ये दुरुस्ती केलेली नसते ते चौपाटीवर उभं राहूनही उणे आकडा दाखवतं.

उंचीचा हा आकडा फोटोवर टाकायला नाही, झोपायची जागा ठरवायला वापरा. ३००० मीटरच्या वर गेल्यावर रोजची झोपायची उंची साधारण ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असं डॉक्टर सांगतात. मनाली सुमारे २००० मीटरवर आहे आणि सरचू ४२०० मीटरच्या वर. एका दिवसात गाडी सरचूला सहज पोहोचते. शरीर पोहोचत नाही. म्हणून मध्ये जिस्पाला थांबायचं, घाई करायची नाही. डोकं ठणकणं, उलट्या, बसल्या जागी धाप लागणं, तोल जाणं असं काही दिसलं तर पुढे जायचं नाही. धाप आणि तोल जाणं ही तर धोक्याची घंटा, तेव्हा लगेच खाली उतरायचं आणि डॉक्टर गाठायचा. फोनमधला ऑक्सिजनचा आकडा ठीक दिसतोय म्हणून थांबून राहू नका.

५. गाडीलाही दम लागतो

तांगलांगला खिंडीची उंची ५३०० मीटरच्या वर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या आसपास असतो. म्हणजे इंजिनाच्या प्रत्येक श्वासात ऑक्सिजनही निम्माच. टर्बो नसलेलं इंजिन तिथे जवळपास निम्मी ताकद गमावतं. टर्बो पातळ हवा दाबून आत ढकलतो, त्यामुळे बरीच भरपाई होते. आजच्या गाड्यांत सेन्सर हवेचा दाब मोजून पेट्रोल आपोआप कमी करतात. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत ते होत नाही, म्हणून काळा धूर आणि गचके.

चाकातल्या हवेची गंमत तर फिजिक्सचं गणितच आहे. हवा मोजायचं मीटर आतला आणि बाहेरचा दाब यांतला फरक दाखवतं. समुद्रसपाटीला ३० अंश सेल्सिअसला तुम्ही ३२ पीएसआय भरले. बाहेरची हवा १४.७, म्हणजे आतला एकूण दाब ४६.७. खिंडीत बाहेरचा दाब उरला साधारण ७.६. तापमान तेच असेल तर मीटर दाखवेल ३९! पण वर थंडीही असते. शून्य अंशाला आतली हवा आकसून एकूण दाब ४२ वर येतो आणि मीटरवर दिसतात साधारण ३४.५. म्हणून उगाच हवा सोडत बसू नका. सकाळी चाकं थंड असताना मोजा, कंपनीने सांगितलेल्या आकड्याला आणा आणि खाली उतरल्यावर पुन्हा तपासा. वाळूत मात्र मुद्दाम १८-२० पर्यंत उतरवतात, म्हणजे चाक पसरतं आणि रुतत नाही. अट एकच: परत भरायला १२ व्होल्टचा पंप गाडीत हवा.

आपल्या वाचकांसाठी माझी आवडती वस्तू म्हणजे ओबीडी डोंगल. स्टिअरिंगच्या खाली एक सॉकेट असतं, त्यात हे ब्लूटूथ डोंगल लावायचं आणि फोनवर ॲप उघडायचं. इंजिनाचं तापमान, हवेचा दाब, बॅटरीचे व्होल्ट सगळं दिसतं. चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला तर त्यामागचा कोडही कळतो. पी०३०० म्हणजे सिलिंडर नीट पेटत नाहीयेत. दिवा लागल्यावर थांबायचं की हळूहळू पुढच्या गावापर्यंत जायचं, हे ठरवायला एवढी माहिती खूप असते. ॲप ऑफलाइन चालतं का, तेवढं आधी बघून घ्या.

६. ३६५ किलोमीटरचं गणित

मनालीहून लेहला जाताना टांडीच्या पेट्रोल पंपावर एक प्रसिद्ध पाटी आहे: पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. आता हिशोब करू. तुमची गाडी एरवी लिटरला १४ देते. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चढताना ९ धरा. ३६५ भागिले ९, म्हणजे ४०.५ लिटर. रस्ता बंद पडला, परत फिरावं लागलं, यासाठी चौथा हिस्सा वर ठेवला तर झाले ५० लिटर. टाकी ४० लिटरची असेल तर १० लिटर सोबत हवं.

ते पाण्याच्या बाटलीत नाही! १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यानुसार विक्रीसाठी नसलेलं ३० लिटरपर्यंत पेट्रोल परवान्याशिवाय जवळ ठेवता येतं, पण ते घट्ट झाकणाच्या, जास्तीत जास्त २५ लिटरच्या धातूच्या कॅनमध्ये. उंचीवर बाहेरचा दाब कमी झाल्याने कॅन फुगतो, म्हणून झाकण हळूहळू उघडायचं. आसपास शेगडी, सिगारेट काही नको.

डिझेलवाल्यांचं दुखणं वेगळं. कडक थंडीत साध्या डिझेलमधलं मेण गोठतं आणि फिल्टर तुंबतो. लडाखसाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशापर्यंत वाहतं राहणारं हिवाळी डिझेल आणलं. शिवाय ज्या बीएस-६ गाड्यांत डीईएफची वेगळी टाकी असते, ती रिकामी झाली की इंजिन पुन्हा सुरू होत नाही. तेव्हा निघतानाच ती भरून घ्या.

७. बॅटरी: मिलीअँपिअरवर जाऊ नका

पॉवर बँकेवर २०,००० एमएएच लिहिलेलं असतं. फोनची बॅटरी ५००० एमएएच. म्हणजे चार वेळा चार्ज? नाही. पॉवर बँकेतली ऊर्जा २० अँपिअर-तास गुणिले ३.७ व्होल्ट, म्हणजे ७४ वॉट-तास. फोनला एका वेळी साधारण १९ लागतात. केबल आणि सर्किटमध्ये पाव हिस्सा उष्णतेत जातो. हाती येतात जेमतेम तीन चार्ज.

थंडीत हे आणखी कमी होतात, कारण बॅटरीच्या आतली रासायनिक क्रिया मंदावते. रात्री फोन आणि पॉवर बँक स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपा. शून्य अंशाखाली गार पडलेला फोन लगेच चार्जिंगला लावू नका. त्या तापमानात चार्ज केल्यास लिथियमचा थर आत साचतो आणि बॅटरी कायमची खराब होते. आधी खिशात गरम करा. रेंज नसलेल्या भागात एअरप्लेन मोड ठेवा, नाहीतर टॉवर शोधण्यातच फोन दमतो. एअरप्लेन मोडमध्ये जीपीएस चालू राहतं.

८. मदत कशी मागायची? इथे कायदा माहीत हवा

हा भाग नीट वाचा. ऑस्ट्रेलिया-अमेरिकेतले यूट्यूबर खिशात छोटं सॅटेलाइट कम्युनिकेटर ठेवतात आणि एक बटण दाबून मदत बोलावतात. ते बघून परदेशातल्या मामा-काकांकडून असं यंत्र मागवू नका. भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन किंवा असं यंत्र बाळगणं बेकायदेशीर आहे. विमानतळावर अशी यंत्रं सापडल्यामुळे परदेशी पर्यटकांना ताब्यात घेतल्याच्या घटना घडल्या आहेत. सीमेजवळच्या भागात तर विचारूच नका. आयफोन १४ पासून आलेली उपग्रहावरून एसओएसची सोयही हा लेख लिहीपर्यंत भारतात सुरू नाही. कायदेशीर मार्ग म्हणजे बीएसएनएलची सॅटेलाइट फोन सेवा. तीही कागदपत्रं आणि परवानगी घेऊनच मिळते.

मग उरतं काय? बरंच काही.

पहिलं, सिम. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड लागतं. ग्रुपमध्ये दोन वेगळ्या कंपन्यांची सिम ठेवा. ११२ हा नंबर तुमच्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून लागू शकतो, म्हणून 'नो सर्व्हिस' दिसलं तरी एकदा लावून बघा.

दुसरं, दोन गाड्या असतील तर वॉकी-टॉकी. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातले कमी ताकदीचे सेट २०१८ च्या नियमांनुसार परवान्याशिवाय वापरता येतात. घाटात एकदोन किलोमीटरच पोहोचतील, पण 'पुढे दरड आहे, थांब' एवढं सांगायला पुरे. बाजारात इतर पट्ट्यांचे सेटही सर्रास विकतात, त्यांना परवाना लागतो. घेताना फ्रिक्वेन्सी तपासा.

तिसरं आणि माझ्या मते सगळ्यात भारी: घरचा वॉचडॉग. उपकरणांमध्ये वॉचडॉग टायमर नावाची एक सोय असते. प्रोग्रॅमने ठरावीक वेळेत 'मी जिवंत आहे' असं कळवायचं. कळवलं नाही तर टायमर समजतो, काहीतरी अडलंय आणि स्वतःच पुढची कारवाई करतो. इथे मदत मागायची वेळ येते तेव्हाच मागणारा गप्प असतो, म्हणून त्याच्या गप्प बसण्यालाच सिग्नल मानलं आहे.

आपणही तसंच करायचं. निघण्याआधी घरी एका जबाबदार माणसाला, ताईला, बाबांना किंवा मित्राला, कागदावर हे लिहून द्या: गाडीचा नंबर, बरोबर कोण आहे, कुणाचा रक्तगट काय, रोजचा मार्ग, मुक्काम आणि शेवटची वेळ. उदाहरणार्थ, 'बुधवारी जिस्पाहून निघणार. गुरुवारी रात्री ९ पर्यंत लेहहून फोन आला नाही तर शुक्रवारी सकाळी ६ पर्यंत वाट बघा. मग लाहौल-स्पिती आणि लेह या दोन्ही जिल्ह्यांच्या पोलिसांना हा कागद वाचून दाखवा.' नंबरही त्यातच लिहा. वाट बघायचा वेळ मुद्दाम ठेवायचा, कारण रस्ता दोन तास बंद राहणं तिथे रोजचंच. आणि मार्ग बदलला तर रेंज असतानाच कळवायचं. न कळवता बदललेला मार्ग म्हणजे शोधणारे एका दरीत आणि तुम्ही दुसऱ्या.

या यंत्रणेला ना बॅटरी लागते, ना परवाना, ना पैसे. तरी तंबू घेणाऱ्या दहा जणांत एखादाच हे करतो.

निघण्याआधी घरी करायची चाचणी

एका रविवारी फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि गाडी घेऊन घराजवळच्याच आडवाटेने, समजा ताम्हिणी किंवा भोरच्या बाजूला, दिवसभर फिरा. नकाशा ऑफलाइन, गाणी ऑफलाइन, पाणी आणि जेवण स्वतःचं. एकदा स्वतःच्या हाताने स्टेपनी बदला. चाकातली हवा उतरवून परत भरा, किती मिनिटं लागतात ते मोजा. घरच्यांना संध्याकाळची वेळ देऊन ठेवा आणि त्या वेळेला फोन करा. या एका दिवसात जे जे अडेल, त्याची यादी करा. लडाखला जायच्या आधी खरेदी करायची ती याच यादीतली.